समुपदेशक म्हणजे नेमके कोण?



ऑक्टोबरची मिड-टर्म सुट्टी संपली की लिव्हिंग सर्टला बसणाऱ्या मुलांच्या घरी सीएओच्या अर्जाची चर्चा सुरू होते. १ फेब्रुवारीची मुदत, ६२५ पॉइंट्स, मेडिसिनसाठी एचपॅट. शाळेतल्या गायडन्स कौन्सेलरची आठवण आपल्याला तेव्हाच होते. पण हे पद केवळ कोर्स निवडून देणाऱ्याचे नाही.

विद्यार्थ्यांना शिक्षणाच्या आणि करिअरच्या निवडीसाठी योग्य मार्गदर्शन मिळेल हे शाळेने आपल्या साधनांतून पाहावे, असे १९९८ च्या शिक्षण कायद्याचे नववे कलम सांगते. गायडन्स कौन्सेलर हे साधारणपणे टीचिंग काउन्सिलकडे नोंदलेले शिक्षक असतात आणि त्यांनी मार्गदर्शनाचे वेगळे पदव्युत्तर शिक्षण घेतलेले असते. अभ्यास, करिअर आणि मनाच्या अडचणी, तिन्ही त्यांच्या कामात येतात. सरकारने २०१२ मध्ये या कामाचे स्वतंत्र तास काढून घेतले आणि २०१६ पासून टप्प्याटप्प्याने परत दिले. तास कमी झाले की पहिली गदा येते ती एकेका मुलाशी निवांत बोलण्यावर.

शाळेबाहेर खासगी समुपदेशक शोधायचा तर चित्र आणखी वेगळे आहे. आरोग्य आणि समाजसेवेतील व्यावसायिकांची नोंदणी २००५ च्या कायद्यानुसार ‘कोरू’ ही संस्था करते. कौन्सेलर आणि सायकोथेरपिस्ट हे व्यवसाय २०१८ मध्ये या कायद्याखाली आले, २०१९ मध्ये त्यांचे नोंदणी मंडळ नेमले गेले. परंतु नोंदवही उघडून त्यानंतरची दोन वर्षांची मुदत संपेपर्यंत उपाधीला कायद्याचे संरक्षण मिळत नाही. तोवर दारावर ‘कौन्सेलर’ अशी पाटी कोणीही लावू शकतो. गुडघा तपासणाऱ्या फिजिओथेरपिस्टला नोंदणी सक्तीची, आणि मुलाच्या मनात डोकावणाऱ्याला मात्र नाही! व्यावसायिक संघटनांचे नियम चांगले आहेत, पण सदस्यत्व ऐच्छिक आहे.

म्हणून पालकांनो, पैसे भरण्याआधी तीन प्रश्न विचारा. तुमचे शिक्षण कुठले आणि किती? तुम्ही कोणत्या संघटनेचे सदस्य आहात, आणि तक्रार असल्यास ती ऐकते का? मुलांबरोबर काम करण्याचे प्रशिक्षण घेतले आहे का? यात उद्धटपणा नाही. चांगला समुपदेशक आनंदाने उत्तर देईल.

गोपनीयतेबद्दलही समजून घ्या. २०१५ च्या ‘चिल्ड्रन फर्स्ट’ कायद्याप्रमाणे मुलाला गंभीर इजा किंवा अत्याचार होत असल्याचे कळले, तर नोंदणीकृत शिक्षकाला ते ‘टुस्ला’ला कळवावेच लागते. जिवाला धोका असेल तेव्हाही गप्प राहता येत नाही. एरवी मात्र मूल आत काय बोलले, हे घरी खोदून विचारू नये. प्रत्येक शब्द आईबाबांपर्यंत पोहोचणार असे वाटले, तर मूल पॉइंट्सबद्दलच बोलेल आणि खरे दुखणे पोटातच ठेवेल.

आणि तरुण वाचकांनो, ‘लोक काय म्हणतील’ हे वाक्य तुम्ही आमच्या पिढीकडून पुष्कळ ऐकले आहे. गायडन्सच्या खोलीत जाताना ते बाहेर ठेवून जा. झोप लागत नसेल, शाळेत कोणी छळत असेल, किंवा मेडिसिन नकोच असेल, तर तेही तिथे सांगता येते.