आधी चाचणी, मग एडिटर

मंडळी, प्रोग्रॅमिंगची भाषा बदलणाऱ्यांशी माझं एक भांडण आहे. आमची दोन नातवंडं यंदा जावा सोडून पायथनकडे वळली. तीन आठवडे गेले कशात? एडिटर कोणता आणि चाचण्यांचं साधन कोणतं, या वादात! नमनाला घडाभर तेल. वर मलाच ऐकवतात, "आजोबा, हत्यारं नीट नसतील तर काम कसं होणार?"

माझं म्हणणं उलट आहे. भाषा बदलताना खरा धोका हत्यारांचा नसतो, जुन्या भाषेच्या सवयींचा असतो. मास्तरी उदाहरण देतो. पास व्हायला ३५ गुण लागतात आणि पोराला पडले ३४.५. ते पूर्णांकात करायचे. जावाचं 'मॅथ.राउंड' ३५ देतं, पोरगं पास. पायथन ३ चं 'राउंड' ३४ देतं, पोरगं नापास! कारण संख्या बरोबर अर्ध्यावर असली की पायथन ३ ती जवळच्या सम पूर्णांकाकडे नेतं. तसंच उणे ७ भागिले २. पूर्णांकी भागाकार जावात उणे ३ येतो, पायथनमध्ये उणे ४.

कितीही भारी एडिटर आणा, तो इथे लाल रेघ मारणार नाही. भाषेच्या लेखी चूक काहीच नाही ना! ही गफलत पकडेल ती "३४.५ दिले की ३५ आलेच पाहिजेत" अशी एका ओळीची चाचणी.

मग साधन कोणतं घ्यायचं? भाषेबरोबर जे घरात येतं ते. गोबरोबर 'गो टेस्ट' येतं, रस्टबरोबर 'कार्गो टेस्ट'. पायथनमध्ये २००१ पासून 'युनिटटेस्ट' आहे, तेही जावाच्या जेयुनिटच्या वळणाचं. म्हणजे जावावाल्याला माहेरचंच माणूस!

"पण पायटेस्ट सुटसुटीत आहे." आहेच. साध्या 'असर्ट'वर भागतं, आणि चाचणी फसली की अपेक्षित काय नि आलं काय, दोन्ही दाखवतं. पण पायटेस्ट युनिटटेस्टच्या चाचण्याही चालवतं. आज लिहिलेलं उद्या वाया जाणार नाही. मग अडलंय कुठे?

हजारो फायलींच्या प्रकल्पात चांगला एडिटर लागतो, हे मान्य. पण तो प्रकल्प आधी उभा तर राहू दे!

असो. जुन्या भाषेतल्या दहा समजुती कागदावर लिहा आणि नव्या भाषेत एकेकीची परीक्षा घ्या. एडिटरचा वाद दिवाळीच्या फराळाला घालू. चकल्या आहेतच.