केसपेपरवरची ‘कूली’

परवा बी.कॉम.चा एक विद्यार्थी तास संपल्यावर स्टाफरूमच्या दाराशी घुटमळत होता. हातातल्या पिशवीत वडिलांचे एक्स-रे आणि औषधांच्या चिठ्ठ्या होत्या. “सर, कन्नडातनं एक अर्ज लिहून देता काय? माझं कन्नड बोलण्यापुरतंच आहे.” आपल्या भागात अशी कामे मास्तरांकडे येतातच. मी त्याला बसवून घेतले.

वडील उद्यमबागेतल्या फौंड्रीत फेटलिंगला. साच्यातून निघालेल्या लोखंडी भागाला चिकटलेली वाळू आणि कडा ग्राइंडरवर घासून काढायच्या. 24 वर्षे हेच काम, तोंडाला रुमाल बांधून. गेली काही वर्षे खोकला आणि धाप. दोन वेळा टीबीची औषधे झाली, पण थुंकीत जंतू एकदाही सापडले नाहीत. आता एका डॉक्टरांनी ‘सिलिकोसिस’ असे निदान केले. मी जुने केसपेपर चाळले. व्यवसायाच्या रकान्यात प्रत्येक ठिकाणी एकच शब्द होता, ‘कूली’. कसली कूली, कसल्या धुळीत, हे कोणी विचारले नव्हते आणि घरच्यांनीही सांगितले नव्हते.

वाळूतल्या सिलिकाचे जे कण डोळ्यांना दिसत नाहीत तेच फुफ्फुसात खोल जाऊन बसतात. साधा रुमाल त्यांना अडवत नाही. आजार बहुधा दहा-वीस वर्षांनी डोके वर काढतो आणि एकदा झाला की बरा होत नाही. अशा फुफ्फुसाला टीबीही लवकर गाठतो, म्हणून दोन्हींची गल्लत होते. यंत्रात बोट गेले तर गल्लीभर बोभाटा होतो. धुळीचा अपघात मात्र आवाज करत नाही. कामगारांच्या सुरक्षेची खरी अडचण इथेच आहे.

आणि कायदे नव्हते असे नाही. भोपाळच्या 1984 च्या दुर्घटनेनंतर 1987 साली कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली. धोकादायक उद्योगांच्या यादीत फौंड्री नावानिशी आली. तिथल्या कामगाराची आधी आणि नंतर निदान वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी करायची, असे ठरले. गेली पंधरा वर्षे मी हे कलम वर्गात शिकवत आलो. परीक्षेत त्यावर पाच गुणांची टीप येते. बसने जाताना उद्यमबागेवरून रोज जातो, पण आतल्या कोणाची तपासणी झाली काय, हे मी कधी कोणाला विचारले नाही. त्या मुलापुढे बसल्यावर याची लाज वाटली.

21 नोव्हेंबर 2025 पासून जुन्या कायद्यांच्या जागी नव्या श्रमसंहिता आल्या आहेत. नेमणूकपत्र सक्तीचे झाले, चाळिशीपुढच्या कामगारांना दरवर्षी मोफत तपासणी मिळेल असे सरकारने जाहीर केले. या गोष्टी चांगल्याच. पण विजेवर चालणारी जागा ‘कारखाना’ ठरायला पूर्वी 10 कामगार पुरत, आता 20 लागतात. सर्वसाधारण कर्तव्ये दहा माणसांपासून लागू आहेत, धोकादायक कामासाठी सरकार अधिसूचना काढून संख्येची अट काढूही शकते. तरी कारखान्यांसाठीचे खास नियम पंधरा माणसांच्या शेडला लागू होतातच असे नाही. धूळ मात्र माणसे मोजून उडत नाही.

दुसरी अडचण कागदाची. सिलिकोसिस हा कामामुळे होणारा आजार म्हणून भरपाईच्या यादीत पूर्वीही होता, आजही आहे. पण या गृहस्थांनी तीन ठिकाणी कामे केली, तीही ठेकेदारामार्फत. एकाकडेही त्यांच्या नावाची चिठ्ठी नाही. मग भरपाई मागायची कोणाकडे?

तिसरी अडचण आपल्या सर्वांची. शेडच्या दारावर कन्नडमध्ये पाटी असते, ‘सुरक्षते मोदलु’. आत फोरमन म्हणतो, “येनागंगिल्ल.” मराठी कामगार म्हणतो, “काय होत न्हाई ओ.” सीमाभागात दोन्ही भाषांचे इतके एकमत दुसऱ्या कुठल्या वाक्यावर झाले नसेल! लहान मालकही वाईट असतो असे नाही. ऑर्डर वेळेत द्यायची असते, धूळ ओढणारी यंत्रणा महाग वाटते. पण वाळू ओली ठेवून काम करणे, कोरड्या झाडूने न झाडणे, योग्य मास्क देणे, एवढे तर आजपासून जमेल.

घरातले कोणी फौंड्रीत, खडी क्रशरवर किंवा दगडकामात असेल, तर वाचकहो, दोन गोष्टी करा. डॉक्टरांना कामाचे नाव आणि वर्षे स्वतःहून सांगा. नेमणूकपत्र, हजेरीकार्ड, पगाराची चिठ्ठी, जे मिळेल ते घरी जपून ठेवा.

त्या मुलाकडे पुरावा म्हणून एकच वस्तू निघाली. खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाल्यावर काढलेला एक जुना फोटो. झेंडूच्या माळा घातलेल्या ग्राइंडरशेजारी त्याचे वडील उभे आहेत, मागे कारखान्याची पाटी दिसते. तो फोटो अर्जाला जोडला. व्यवसायाच्या ओळीत ‘कूली’ न लिहिता ‘फौंड्रीत फेटलिंग, 24 वर्षे’ असे लिहिले. अर्ज चालेल की नाही, माहीत नाही. पुढच्या सोमवारी त्याच्याबरोबर कचेरीत मीही जाणार आहे.