मोटारीस टर्बो जोडण्यापूर्वी

पावसाळ्यात पुण्याहून मुळशीमार्गे ताम्हिणीकडे मोटारींची रीघ लागते. भरलेली जुनी मोटार पिरंगुटच्या चढावर मंदावली, म्हणजे घरातील तरुणांस वाटते, की जुन्या बाजारातून स्वस्तात टर्बो आणून हिला बसवावा.

कल्पना नवी नव्हे. स्विस एंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ साली तिचे पेटंट घेतले. एंजिनातून निघणाऱ्या उष्ण वायूने एक चक्र फिरते व ते दुसऱ्या चक्राकरवी हवा दाबून एंजिनात भरते. हवा अधिक, म्हणून इंधन अधिक जळते व शक्ती वाढते.

परंतु साध्या पेट्रोल एंजिनात मिश्रण मुळातच पुष्कळ दाबले जाते. त्यात दाबाने तापलेली हवा शिरली, की पेट्रोल अवेळी पेटून ठोके पडतात व पिस्टन निकामी होऊ शकतो. ते टाळण्यास हवा थंड करणारा इंटरकूलर, मोठे इंजेक्टर, तेलाची नळी, संगणकाची नवी जुळणी, पुढे क्लच व ब्रेक, हे सारे ओघानेच येते. टर्बो स्वस्त मिळेल. त्याचा परिवार स्वस्त नसतो.

शिवाय मोटार वाहन कायद्याचे (१९८८) ५२ वे कलम उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी न जुळणाऱ्या फेरबदलास मनाई करते. २०१९ च्या दुरुस्तीने त्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दर फेरबदलास ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत.

तेव्हा प्रथम हवेची गाळणी, प्लग, क्लच व टायर तपासावे आणि चढावर वेळीच खालचा गिअर टाकावा. तरीही बळ अपुरे वाटल्यास कारखान्यातूनच टर्बोसह आलेली जुनी मोटार पाहावी. घरची वडीलधारी व मुले जीत बसतात, ती मोटार म्हणजे प्रयोगशाळा नव्हे.