वय लपवलं तरी बाळाचं वजन लपत नाही

अहिल्यानगर (अहमदनगर) जिल्ह्यात बालविवाहाचा विषय निघाला की बोट ऊसतोड मजुरांकडे जातं. पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागातली कुटुंबं हंगामात कारखान्यांवर जातात. वयात आलेल्या मुलीला मागे कुणाजवळ ठेवायचं, या काळजीने तिचं लग्न उरकलं जातं. पण हा प्रश्न एका जातीधर्माचा नाही. आपल्या मोहल्ल्यांनीही त्यातून हात झटकू नयेत.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालं होतं. १५ ते १९ वयाच्या ७.६ टक्के मुली आई झालेल्या किंवा गरोदर होत्या.

याची किंमत बाळ मोजतं. मुलीचं स्वतःचं शरीर अजून वाढत असतं, त्यात अंगात रक्त कमी. पोटातल्या बाळाला पोषण पुरत नाही. म्हणून अशी बाळं ३७ आठवड्यांच्या आत जन्मण्याचा किंवा अडीच किलोपेक्षा कमी वजनाची असण्याचा धोका जास्त. असं बाळ लवकर थंड पडतं, नीट दूध ओढत नाही, त्याला जंतुसंसर्ग आणि श्वासाचा त्रास पटकन होतो. आईला झटके येण्याची भीती असते ती वेगळीच.

आमच्या मते खरा घात लपवाछपवीने होतो. आई अठराच्या आतली असेल तर पोक्सो कायद्याप्रमाणे रुग्णालयाला पोलिसांना कळवावं लागतं. या भीतीने घरचे वय वाढवून सांगतात, नाव उशिरा नोंदवतात किंवा तपासणीच टाळतात. पण कायद्यावर बोट ठेवून कुणालाही उपचार नाकारता येत नाहीत. सरकारी रुग्णालयात बाळंतपण आणि आजारी नवजात बाळाचा इलाज मोफत आहे. आशाताई पहिल्या ४२ दिवसांत घरी येऊन बाळ तपासते. तिला दारातून परत पाठवू नका. बाळ दूध ओढत नसेल, अंग गार लागत असेल, मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त श्वास घेत असेल, तर घरगुती उपायात वेळ न घालवता दवाखाना गाठा. वाटेत बाळाला आईच्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून, उबेत ठेवा.

याच जिल्ह्यात, जामखेडला, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या कमी शिकलेल्या बायकांना आरोग्याचं शिक्षण दिलं आणि बाळांचे जीव वाचवून दाखवले. मग हे आपल्या मोहल्ल्यात का होऊ नये?

सुरुवात निकाहाच्या आधी करावी लागेल. काझीसाहेबांनी जन्माचा दाखला पाहिल्याशिवाय निकाह पढवू नये. २००६ च्या कायद्यात बालविवाह लावणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. मुलीला अठरा पूर्ण झाली म्हणून लगेच पाळणा हलायलाच हवा असंही नाही. सासूबाईंनी दोन वर्षं थांबायला सांगितलं, तर सून आणि नातवंड दोघांचंही भलं होईल.