पुटपुट

आमच्या घरी संध्याकाळी सात ते आठ शांततेचा अंमल असतो. अर्थात अंमलदार मी! मी उत्तरपत्रिका तपासतो आणि समोर बसून आमचे चिरंजीव, इयत्ता चौथी, भागाकार करतात. परवा त्यांचे ओठ सारखे हलत होते. "सात त्रिक एकवीस, उरले चार... शून्य उतरवायचा, झाले चाळीस... सात सक बेचाळीस... नको, थांब, सात पंचे पस्तीस..."

"मनात कर!" मी दटावले. पोर गप्प झाले. पंधरा मिनिटांनी वही पाहतो तो पाचांपैकी चार भागाकार चुकलेले! मी आवाज चढवणार, इतक्यात सौभाग्यवती स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अहो, तुमच्या गुणांच्या बेरजा इथवर ऐकू येतात. आधी त्या मनात करा!"

खरेच की! 'अडीच नि तीन साडेपाच' हे मी खणखणीत आवाजात म्हणत होतो.

वास्तविक हे मला ठाऊक असायला हवे होते. मुले स्वतःशी बडबडतात ती आत्मकेंद्री वृत्तीमुळे, आणि वयाबरोबर ती बडबड विरून जाते, असे स्विस पंडित प्याजे यांनी १९२३ साली मांडले होते. रशियातल्या विगोत्स्कीला ते पटेना. त्याने मुलांना चित्रे काढायला बसवले आणि हवा तो कागद किंवा रंगीत पेन्सिल ऐन वेळी मिळणार नाही अशी तजवीज केली. अडचण येताच मुलांचे स्वतःशी बोलणे जवळजवळ दुप्पट झाले! अडलेला विचार वाट शोधतो, त्याचाच हा आवाज. वयाबरोबर तो विरत नाही, आत जातो. विगोत्स्की १९३४ साली क्षयाने गेला, अवघ्या ३७ व्या वर्षी.

याचा परवच्याशी घोटाळा मात्र करू नये. दिवेलागणीला परवचा म्हणताना जीभ चालते. डोके झोपले तरी चालते. (एकोणतिसाच्या पाढ्यात मी कित्येकदा झोपलो आहे.) चिरंजीवांच्या पुटपुटण्यात मोलाचे होते ते 'नको, थांब', आणि नेमके तेच मी बंद पाडले होते.

वही परत दिली. "बोलून कर," म्हटले. चारांपैकी तीन बरोबर आले. मग त्याने विचारले, "बाबा, आणि परीक्षेत?"

ओठ हलवणाऱ्या किती मुलांना मी पर्यवेक्षक म्हणून पहिल्या बाकावर आणून बसवले असेल! मला उत्तर सुचेना.

दुसऱ्या दिवशी वर्गात ओवीचा अर्थ मी सांगितला नाही. "दोन मिनिटे शेजाऱ्याला सांगा, शेजारी नसेल तर स्वतःला," एवढेच म्हटले. वर्गाची मंडई झाली. पलीकडचे प्राध्यापक दारातून डोकावून गेले. वर्षभर तोंड न उघडलेली एक मुलगी शेवटच्या बाकावर एकटीच बसली होती. पुस्तकावर बोट ठेवून ती स्वतःशीच म्हणत होती, "नाही, थांब, असं नसेल..."