१४० म्हणजे नक्की किती?

परवा रात्री साडेबाराला आमच्या मजल्यावर वाद पेटला. विषय सबमिशनचा नव्हता, घोड्यांचा होता! फ्रँकेल मोठा की फ्लाईटलाईन? माझ्या रूम पार्टनरने एका वाक्यात निकाल लावला, "दोघांचं ऑफिशियल रेटिंग १४०. मॅच टाय. झोपा आता." सगळे झोपले. मला मात्र हा टाय पटलेला नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

मुळात हे रेटिंग देणारा हँडिकॅपर कुणाला ग्रेट ठरवायला बसलेला नसतो. चांगल्या घोड्यावर जास्त वजन टाकून शर्यत चुरशीची करायची, हे त्याचं काम. जॉकी हलका असेल तर खोगिराबरोबर शिशाच्या पट्ट्या भरून वजन पुरं करतात. इंग्लंडमध्ये रेटिंगचा एक पॉईंट म्हणजे एक पौंड. म्हणजे १४० वाला आणि १३० वाला एका रेषेत यायला हवे असतील, तर पहिल्याने दहा पौंड, साधारण साडेचार किलो, जास्त वाहायचे. आपल्या महालक्ष्मीच्या आणि पुण्याच्या रेसकोर्सवरही बऱ्याचशा शर्यती याच तत्त्वावर चालतात. इंडियन डर्बी मात्र तशी नाही. तिथे सगळे चार वर्षांचे, सगळ्यांना सारखं वजन, फक्त घोड्यांना थोडी सूट नाही आणि घोडींना आहे.

आता आकडा येतो कुठून? घड्याळातून नाही, हरलेल्यांकडून! २०१२ च्या जूनमध्ये फ्रँकेलने अॅस्कटला एक मैलाची क्वीन अॅन शर्यत ११ लांबींनी मारली. दुसरा आला एक्सलेब्रेशन. एक मैलाला एक लांबी म्हणजे ढोबळमानाने दोन पौंड धरतात, म्हणजे फरक २२ पौंडांचा. समजा दुसऱ्याला १२० चा मानला, तर फ्रँकेल १४२. त्या दिवशी तो ११५ चाच पळाला असं धरलं, तर फ्रँकेल १३७. पहिल्याचे मार्क दुसऱ्याच्या तब्येतीवर! हँडिकॅपर लोक मग तिसरा, चौथा, त्यांच्या मागच्या-पुढच्या शर्यती असं सगळं जुळवून बघतात. काम प्रामाणिक आहे, पण शेवटी अंदाज आहे.

सुट्टीत बेलापूरला गेलो तेव्हा हे सगळं मामाला सांगितलं. मामा बैलगाड्यांचा शौकीन. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने शर्यतींवर बंदी आणली तेव्हापासून २०२१ च्या डिसेंबरात परवानगी मिळेपर्यंत हा माणूस नुसता जुन्या गोष्टी सांगत बसायचा. त्याने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "दोघं एका घाटात पळाले का रे?"

नाही ना! बैलगाड्याचा नंबर सेकंदावर ठरतो, तरी एका घाटाचे सेकंद कोणी दुसऱ्या घाटाला लावत नाही. चढ वेगळा, माती वेगळी. फ्रँकेल हिरवळीवर पळाला आणि २०१२ ला थांबला. फ्लाईटलाईन अमेरिकेच्या मातीच्या ट्रॅकवर २०२१-२२ मध्ये पळाला. दोघांना जोडणारा एकही समान प्रतिस्पर्धी नाही. आमच्या गावाच्या नावाचं रेल्वे स्टेशन वर्षानुवर्षं श्रीरामपूर शहरात आहे, तसंच हे. पाटी तीच, ठिकाण दुसरं.

बरं, हे आकडे दगडावरची रेघ आहेत का? तेही नाही. १९८६ च्या डान्सिंग ब्रेव्हला १४१ मिळाले होते. २०१३ च्या जानेवारीत जुन्या रेटिंगची फेरतपासणी झाली आणि त्याचे १३८ केले. शेरगारचे १४० वरून १३६. तोपर्यंत १४० वर असलेला फ्रँकेल त्या दिवशी घरी बसून पहिला आला! पुष्कळांना हा अन्याय वाटला. मला वाटत नाही. व्हर्नियरला झिरो एरर निघाली तर आपण जुनी रीडिंग दुरुस्त करतोच की. माझी तक्रार वेगळी आहे. आपल्याला जर्नलमध्ये लीस्ट काऊंट लिहिला नाही तर सर सही देत नाहीत, आणि जगातल्या सर्वोत्तम घोड्यांच्या यादीत मात्र नुसता १४०, पुढे-मागे काही नाही. "१४०, दोन-तीन पौंड इकडेतिकडे" असं छापलं तर काय बिघडेल? सीईटीचे पर्सेंटाईल दशांशापुढे सात आकडे छापून येतात तेव्हाही मला हेच वाटतं, पण तो विषय काढला तर रात्र पुरणार नाही.

आणि आपला स्क्वाँडरर? १९७७ चा इंडियन डर्बी विजेता, १९ शर्यतींत १८ जिंकलेला. त्याला जगाच्या या पट्टीवर कुठे बसवायचं? आपले घोडे बाहेर जाऊन पळण्याचे प्रसंग मोजकेच. दोन तलावांमध्ये पाटच नसेल, तर इकडच्या पाण्याची पातळी तिकडे कशी कळणार? त्यामुळे तो १४० चा नव्हता असं म्हणणारा आणि होता असं म्हणणारा, दोघंही हवेत बोलतात. इथल्या घोड्यांपुढे तो जबरदस्त होता, एवढं नक्की.

राहिला आमच्या मजल्यावरचा वाद. माझं मत फ्रँकेलला. कारण १४० हा आकडा नाही, तर १४ पैकी १४. फ्लाईटलाईनही हरला नाही, पण तो पळालाच सहा वेळा. चौदा रीडिंगची सरासरी मी सहा रीडिंगपेक्षा जास्त मानतो. पार्टनर म्हणतो, सहाच्या सहा एवढ्या मोठ्या फरकाने आल्यावर सातवं कशाला हवं? यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही. कुणाकडे असेल तर रात्री साडेबारानंतर आमच्या रूमवर यावं. चहा आमच्याकडून.