घरांत आधीं सांगावें

गेल्या महिन्यांत आमच्याकडे एका तरुण वाचकाचें पत्र आलें. त्यानें खालीं आपलें नांव व गांव लिहिलें आहे, परंतु तें प्रसिद्ध करूं नये अशी त्याची विनंति आहे, व ती रास्तच आहे. घर एकत्र कुटुंबाचें. आजोबा ऐंशीच्या घरांत. आईवडील, काका-काकू, चुलत भावंडें मिळून दहाबारा माणसें. आजोबांची दृष्टि मंद झाल्यापासून गेलीं तीन वर्षें घरची पंचायतनपूजा या नातवाकडे आहे. आजोबा शेजारीं पाटावर बसून मंत्र म्हणतात व नातू एकेक उपचार करितो. घरीं येणाऱ्या पाहुण्यांना हें दृश्य मोठ्या कौतुकानें दाखविलें जातें.

पत्राचा विषय मात्र हें कौतुक नव्हे. दोन वर्षांपासून हा तरुण बुद्धाच्या उपदेशाचें वाचन व मनन करीत आहे, आणि त्याचें मन त्या मार्गावर स्थिर झालें आहे. मूर्तिपूजा, श्राद्ध, जानवें यांवर आपली श्रद्धा उरली नाहीं असें तो लिहितो. "हात पूजा करितात, आणि मी दुसऱ्या कोणाचे हात पाहावे तसा त्यांच्याकडे पाहत असतों," हें त्याचें वाक्य आम्हांस विसरतां येत नाहीं. आतां घरांत त्याच्या लग्नाचें पाहूं लागले आहेत. आमचा मुलगा देवपूजा झाल्यावांचून अन्न घेत नाहीं, असें मुलीकडच्या मंडळींना अभिमानानें सांगण्यांत येतें. त्याचा प्रश्न एवढाच आहे: सांगावें कीं न सांगावें?

हें पत्र आठ दिवस आमच्या मेजावर पडून होतें. उत्तर सुचत नव्हतें असें नाहीं. उत्तर देण्याचा आपणांस अधिकार आहे काय, ही शंका होती. ती कां, तें पुढें येईलच.

अशा प्रसंगीं घरोघर मनूचा आधार घेतात. सत्य अप्रिय असेल तर तें बोलूं नये, एवढा भाग सर्वांना तोंडपाठ असतो. तो त्या श्लोकाचा पूर्वार्ध झाला. उत्तरार्धांत, जें गोड आहे पण खोटें आहे तेंहि बोलूं नये, अशी तितकीच स्पष्ट आज्ञा आहे. आम्हीं हा श्लोक पुष्कळ वर्षें वर्गांत शिकविला. मुलें पूर्वार्ध घेऊन घरीं गेलीं, व मास्तरहि बहुधा तेवढाच घेऊन गेले. आजोबांपाशीं गप्प राहणें एक वेळ पूर्वार्धांत बसवितां येईल. परंतु जी श्रद्धा नाहीं तिचा रोज सकाळीं देखावा करणें हें गोड असत्य आहे, आणि त्याला उत्तरार्धाची सरळ बंदी आहे.

लपविलेला विश्वास किती टिकतो हें पाहावयाचें असेल, तर मुंबईच्या परमहंस सभेचें उदाहरण बोलकें आहे. ही सभा १८४९ सालीं निघाली. दादोबा पांडुरंगांसारखे नामांकित विद्वान तिच्यांत होते. ईश्वर एक आहे व जातिभेद खोटा आहे, हीं तिचीं तत्त्वें. जातीचें बंधन तोडल्याची खूण म्हणून सभासद पाव खात. परंतु सारें बंद दाराआड! सभेंत जो भेद मानीत नसे, तोच घरीं परतल्यावर पूर्ववत् पंगतीला बसे. १८६० च्या सुमारास सभेचे कागद चोरीस गेले, सभासदांचीं नांवें बाहेर फुटण्याची धास्ती पडली, आणि सभा मोडली. तिचीं तत्त्वें कांहीं वाईट नव्हतीं. जें आपल्या घरीं सांगण्याचें धैर्य नव्हतें तें जगाला कळेल, या एका भीतीपुढें तीं टिकलीं नाहींत. पुढें १८६७ सालीं प्रार्थनासमाज उघडपणें स्थापन झाला, व त्यांत दादोबांचेच बंधु डॉ. आत्माराम पांडुरंग अग्रभागीं होते. तो समाज टिकला.

उघडपणा म्हणजे केवळ जगापुढें उघडपणा नव्हे, हें मात्र दुसऱ्या एका उदाहरणावरून शिकावें लागतें. नारायण वामन टिळकांनीं १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. त्यांच्या मनांतील पालट एका दिवसांत झालेला नव्हता. वाचन, विचार व पत्रव्यवहार यांत दोनएक वर्षें गेलीं होतीं. जगाची भीति त्यांनीं बाळगली नाहीं. परंतु दीक्षेच्या वेळीं पत्नी लक्ष्मीबाई जवळ नव्हत्या, आणि ही वार्ता त्यांना दुरून कळली. कडक सोवळ्याच्या घरांत वाढलेल्या त्या बाईवर काय कोसळलें, तें त्यांनीं 'स्मृतिचित्रें' या आपल्या पुस्तकांत लिहून ठेविलें आहे. त्याचे भाग १९३४ पासून प्रसिद्ध होऊं लागले, आणि आजहि तें पुस्तक मराठी घरांतून वाचलें जातें. पुढचीं सुमारें पांच वर्षें पतिपत्नींचा संसार मोडल्यासारखाच होता. टिळकांची थोरवी नंतर दिसली. त्या परत आल्यावर त्यांचें सोवळें त्यांनीं सांभाळूं दिलें, धर्मासाठीं बळजबरी केली नाहीं. आणि लक्ष्मीबाईंनीं १९०० सालीं जी दीक्षा घेतली ती स्वतःच्या विचारानें घेतली. ही सबूरी आधीं असती, आणि तो पालट पत्नीला डोळ्यांसमोर होतांना पाहूं दिला असता, तर तीं पांच वर्षें कदाचित् वांचलीं असतीं. हा आमचा तर्क आहे. त्या थोर दांपत्याचा दोष काढण्याचा आमचा हेतु नाहीं.

आमच्या पत्रलेखकाला धर्मानंद कोसंबी आठवणें साहजिक आहे. त्यांनीं १८९९ सालीं गोव्यांतील घर सोडलें, पत्नी व लहान मुलगी मागें राहिल्या, आणि पुढें ते पालि वाङ्मयाचे व बौद्ध धर्माचे थोर पंडित झाले. परंतु हा तरुण घर सोडूं इच्छीत नाहीं. त्याला त्याच घरांत, त्याच माणसांत राहावयाचें आहे. त्याला आम्ही आगरकरांकडे पाहावयास सांगूं. त्यांचीं मतें त्यांच्या लेखांतून साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक होतीं, व त्यांबद्दल पुण्यांत त्यांची जिवंतपणींच प्रेतयात्रा काढण्यांत आली. पण त्यांच्या घरांत यशोदाबाई आपलीं व्रतें, आपला देवधर्म करीत, व आगरकर त्यांच्या आड येत नसत. ज्याचें मत घरांतल्या सर्वांना स्पष्ट ठाऊक आहे, त्यालाच अशी उदारता शोभते. मत लपवून दुसऱ्याच्या पूजेंत बसणें याला उदारता म्हणत नाहींत.

आतां आमची गोष्ट. वडील वारल्यावर सातआठ वर्षांनीं, पिंड पितरांस पोंचतो हा आमचा विश्वास उडाला. तो कां उडाला हा निराळा विषय आहे. आई हयात होती. तिला दुःख नको म्हणून आम्हीं कोणाला कांहीं सांगितलें नाहीं, आणि दरवर्षीं दर्भ, तीळ, पिंड, सर्व यथासांग चालूं ठेविलें. अशीं सतरा वर्षें गेलीं. या सतरा वर्षांत आम्हीं शाळेंत सत्यावर किती व्याख्यानें दिलीं याची गणती नाहीं.

आईच्या शेवटच्या दुखण्यांत श्राद्धतिथि जवळ आली. तयारीचें विचारावयास आम्ही तिच्या उशाशीं बसलों, तेव्हां ती म्हणाली, "या वर्षीं नको करूंस. माझ्यासाठीं म्हणून आतां कांहीं करूं नकोस." आम्हीं विचारलें, "आई, तुला केव्हां कळलें?" ती म्हणाली, "पहिल्याच वर्षीं. त्याआधीं कावळा घांस घेईपर्यंत तूं उन्हांत अंगणांत उभा राहत असस. त्या वर्षीं पान ठेविलेंस, हात धुतलेस, आणि आंत येऊन वर्तमानपत्र वाचीत बसलास." थोड्या वेळानें ती पुन्हां म्हणाली, "तूं सांगशील म्हणून मी वाट पाहिली रे. तुझ्या वडिलांना हें पोंचतें कीं नाहीं, असें माझ्याहि मनांत येई. पण बोलूं कोणापाशीं?"

आम्हांस कांहीं बोलतां आलें नाहीं. तिचें दुःख वांचविलें असें सतरा वर्षें समजत होतों. वास्तविक तिला एकटें सोडलें होतें, आणि तेंहि एका घरांत, एका पंगतींत राहून. उत्तर देण्याचा अधिकार आपणांस आहे काय ही शंका आली, ती यामुळें. आतां असें वाटतें कीं, ज्याच्या हातून ही चूक घडली त्यानेंच सांगणें बरें.

म्हणून त्या तरुणाला आमचें सांगणें असें. सांगावें, आणि एकाहि मुलीचें घर पाहावयास जाण्यापूर्वीं सांगावें. १९५५ चा हिंदु विवाह कायदा व १९५६ चा वारसा कायदा हे दोन्ही बौद्धांनाहि लागू आहेत, तेव्हां कोर्टकचेरीची भीति त्याला नाहीं. परंतु जी मुलगी पूजा करणारा नवरा म्हणून होकार देईल, तिची फसवणूक कोणत्याहि कायद्यानें पुसली जात नाहीं. पहिल्यानें आईवडिलांना एकांतीं सांगावें, व मग त्यांना बरोबर घेऊन आजोबांपाशीं जावें. आजोबांना ही गोष्ट काकूंकडून किंवा शेजाऱ्यांकडून कळतां कामा नये. सणावाराचा दिवस, जेवणाचें पान किंवा वादाचा आवेश यांपैकीं कांहींहि त्या वेळीं नसावें. आपल्याला काय पटलें तेवढेंच सांगावें. आजोबांचें कसें चुकतें हें सांगूं नये, कारण तें सांगण्याचें कांहीं कारण नाहीं.

आणि सांगितल्यावर दूर होऊं नये. सेवा आणि साक्ष यांतला भेद ओळखावा. आजोबांसाठीं फुलें आणणें, गंध उगाळून देणें, त्यांना दिसत नाहीं म्हणून पोथी वाचून दाखविणें ही वृद्धाची सेवा आहे. श्रद्धा बदलल्यानें ती बुडत नाहीं. उलट आतां ती अधिक मन लावून करावी. परंतु स्वतःच्या नांवानें संकल्प सोडणें ही श्रद्धेची साक्ष आहे, आणि ती खोटी देऊं नये. पूजेला चुलत भाऊ बसेल, किंवा आजोबा चांचपडत स्वतः करितील. त्यांचा हात हा नातू धरील, तर त्यांत कोणाचाच धर्म बुडत नाहीं.

दोन शब्द वडील मंडळींनाहि. मुलगा असें कांहीं सांगावयास येईल, तेव्हां जेवण टाकूं नये, शपथा घालूं नयेत, आणि हें तुझ्या लाडांचें फळ म्हणून त्याच्या आईला तर मुळींच बोलूं नये. ईश्वर न मानणाऱ्या सांख्यांना आपल्या पूर्वजांनीं दर्शनांत स्थान दिलें. यज्ञाचा एवढा आग्रह धरणाऱ्या मीमांसकांनाहि जगाचा कर्ता ईश्वर मान्य नव्हता. एवढें सर्व ज्या परंपरेंत मावलें, तिच्या घरांत एक नातू मावणार नाहीं काय? तो आपणांस सांगावयास आला, यावरूनच तो आपला आहे हें ओळखावें. जो सर्वस्वीं परका झाला, तो सांगत बसत नाहीं.

कठोपनिषदांतील नचिकेत्याची कथा आपण मृत्यूच्या रहस्यासाठीं वाचतों. पण तिचा आरंभ एका घरांतल्या अप्रिय सत्यानें होतो. बाप दानांत म्हाताऱ्या, निरुपयोगी गाई देत आहे हें पाहून मुलगा बोलतो, बाप रागावतो, आणि मुलाला यमाच्या घरीं जावें लागतें. तेथें यम त्याला तीन वर देतो. मरणानंतर काय, हा मोठा प्रश्न मुलगा तिसऱ्या वरासाठीं ठेवितो. पहिला वर तो असा मागतो कीं, माझ्या बापाचा राग जावो, त्याचें मन शांत होवो, आणि मी परत गेल्यावर त्यानें मला ओळखून जवळ घ्यावें. शाळेंत हा भाग आम्ही प्रस्तावना म्हणून भरभर पुढें नेत असूं. आतां तो पुन्हां शिकवावयाचा झाला, तर तेथें बराच वेळ थांबूं.

आजोबा काय म्हणाले, तें पत्रलेखकानें आम्हांस अवश्य कळवावें. नांव याहि खेपेस छापलें जाणार नाहीं.